पान्देसाल की एन्सायमाडा? मुलांसोबत काय भाजावं

दोन्ही फिलिपिन्सचे पाव, दोन्ही यीस्टचे; पान्देसाल साधा, एन्सायमाडा लोण्याचा नि वेटोळ्याचा. पण मुलांच्या हाती पीठ द्यायचं तर आधी पान्देसालच. अर्धा किलो मैदा, 80 ग्रॅम साखर, 7 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, चमचाभर मीठ, 50 ग्रॅम लोणी, सुमारे 300 मिली कोमट दूध. (नावाचा अर्थ मिठाचा पाव, चव मात्र गोडसर!) पीठ दुप्पट फुगलं की लांब वळकटी करून पावाच्या चुऱ्यात घोळवायची, तुकडे कापून कापलेली बाजू वर ठेवायची. पुन्हा फुगल्यावर 180 अंशांवर 15-18 मिनिटं. दूध कढत असेल तर यीस्ट मरतं आणि पावाचे दगड होतात.

एन्सायमाडात अंड्याचे बलक नि भरपूर लोणी, म्हणून पीठ हाताला चिकटतं. मुलं मग मैदा भुरभुरत राहतात आणि पाव कोरडा पडतो. त्यापेक्षा हाताला लोणी लावा. मळणं तुम्ही उरका, वेटोळी त्यांना घालू द्या, पण सैल. घट्ट वेटोळ्याचा मधला भाग भाजताना वर उसळतो. वरून लोणी, साखर, किसलेलं चीज लावायचं ते पाव गार झाल्यावरच, नाहीतर सगळं ओघळतं. नाताळात तिथे त्यावर केसो दे बोला, म्हणजे लाल मेणात मढवलेलं गोल चीज किसतात.