डब्याची मागची बाजू

दिवाळीनंतर पुण्याला ताईकडे जायचं होतं. दरवेळी मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून खाजे आणि दोदोल घेऊन जाते. या वेळी गडबडीत ते राहिलं आणि खाऊची खरेदी गोव्याच्या विमानतळावर, सिक्युरिटीच्या आत गेल्यावर करावी लागली. एकाच दुकानात मी दोनदा फसले. त्यातलं दुसरं अजून सलतं.

चॉकलेटचे बॉक्स ‘इम्पोर्टेड’ अशा पाटीखाली मांडले होते. किंमत 695 रुपये, दोनवर एक फुकट. काउंटरवरच्या मुलाला विचारलं, इतकी किंमत कशी? तो म्हणाला, “मॅडम, एअरपोर्टची एमआरपी वेगळी असते.” बोर्डिंग सुरू झालं होतं. मी 1390 रुपये दिले.

पुण्यात भाचीने बॉक्स उघडला तर वड्यांवर पांढरट डाग. चॉकलेट उष्णतेने मऊ होऊन पुन्हा थंड झालं की असा थर येतो. त्याने अपाय होत नाही, पण माल नीट ठेवलेला नव्हता हे कळतं. मग तिने किमतीचं स्टिकर नखाने उचकटलं. खाली छापलं होतं 450. म्हणजे तिन्ही बॉक्सची खरी किंमत 1350, आणि मी ‘एक फुकट’ घेऊन वर चाळीस रुपये जास्त मोजले होते. बाहेरून आलेल्या मालावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता असावाच लागतो, तोही कुठे नव्हता.

हे पैशांचं झालं. त्याच दुकानातून घेतलेल्या बेबिंकेचं, म्हणजे गोव्याच्या थराथरांच्या गोड केकचं, तसं नाही. ताईच्या सासूबाई माळकरी आहेत. बेबिंकेत अंड्याचा बलक असतो हे गोव्यात कुणाला सांगायला नको, पण हल्ली बिनअंड्याचीही मिळते. मी त्या मुलाला स्पष्ट विचारलं होतं. “पूर्ण व्हेज आहे,” असं तो छातीठोक म्हणाला. सासूबाईंनी कौतुकाने तुकडा तोंडात घातला, आणि भाचीला डब्याच्या मागे तपकिरी त्रिकोण, म्हणजे मांसाहारी पदार्थाची खूण, दिसला. घटकांमध्ये अंडं लिहिलेलं होतं. सासूबाई काही न बोलता उठल्या, चूळ भरून देवापुढे जाऊन बसल्या. मला तोंड वर करवेना. चूक माझीही होती, डबा मीच उलटून बघायला हवा होता.

त्याच संध्याकाळी ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, फोन केला. बिल आणि स्टिकरचे फोटो होते म्हणून तक्रार नोंदवणं सोपं गेलं. वैधमापनाच्या, म्हणजे वजन-मापं आणि पाकिटावरच्या छापील माहितीच्या, 2011 च्या नियमांप्रमाणे स्टिकर लावून छापील किंमत वाढवता येत नाही. कमी करायची असेल तरच स्टिकर चालतं, आणि तेही मूळ किंमत न झाकता. एकाच वस्तूला विमानतळावर वेगळी एमआरपी लावायलाही 1 जानेवारी 2018 पासून बंदी आहे. हे त्या काउंटरवर मला ठाऊक असतं तर!

गोव्याच्या दोन विमानतळांपैकी तुम्ही दाबोळीवरून जा की मोपावरून, पैसे देण्याआधी डबा उलटा करा. किमतीवर स्टिकर असेल तर बोट फिरवून बघा, तारीख वाचा, हिरवा ठिपका की तपकिरी त्रिकोण ते पाहा. विमान चुकेल असं वाटत असेल तर खाऊ घेऊच नका. आणि बिल फेकू नका.

दुकानाने चॉकलेटचे पैसे परत केले. बेबिंकेबद्दल एक अक्षरही लिहिलेलं नाही. ती तक्रार मी मागे घेतलेली नाही.