डिस्नेलँडचा वार्षिक पास, आठ महिन्यांनंतर: पार्किंग, पायी वाट आणि हार्बरवरचा सिग्नल

राइड्स, रांगा आणि खाणंपिणं यांबद्दल इथे काही मिळणार नाही, त्यावर लिहिणारे भरपूर आहेत. ऑक्टोबर 2024 ते मे 2025 या काळात मी कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइमच्या डिस्नेलँडला अकरा वेळा गेले. या अकरा खेपांत माझं डोकं सगळ्यात जास्त कशाने खाल्लं असेल, तर गाडी कुठे लावायची आणि लावायची नसेल तर आत-बाहेर कसं करायचं याने. आम्ही फुलर्टनला राहतो, पार्कपासून पाचेक मैलांवर. पास घेतला तेव्हा वाटलं होतं, इतक्या जवळून जाण्यायेण्याचा कसला आलाय प्रश्न.

लिहायला बसले ती मागच्या शनिवारच्या प्रसंगामुळे. 16 मेपासून पार्कच्या सत्तराव्या वर्षाचा सोहळा सुरू झाला होता, त्यामुळे गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती. फटाके संपले, पाच वर्षांची लेक माझ्या खांद्यावर झोपलेली, आई माझा दंड धरून. पार्कसमोरचा हार्बर बुलेव्हार्ड हा मोठा रस्ता ओलांडून समोरच्या स्टॉपवर बस पकडायची होती. चालणाऱ्या माणसाचं पांढरं चिन्ह लागलं, पण आमच्या पुढे एवढी माणसं होती की फुटपाथच्या कडेशी पोचेपर्यंत नारिंगी हात लुकलुकायला लागला. मागून लोंढा ढकलत होता, थांबायला जागाच नव्हती. आम्ही उतरलो. अर्ध्या रस्त्यात सिग्नलवरचे उलटे आकडे संपले. आई रस्त्याच्या मधोमध थबकली आणि मला म्हणाली, "अगं, मी इथेच थांबू का?" समोरच्या गाड्या थांबून राहिल्या, कोणी हॉर्नही वाजवला नाही, पण तिचा हात माझ्या दंडावर किती घट्ट रुतला होता ते मला अजून जाणवतंय. आई बहात्तर वर्षांची आहे, गुडघा दुखरा आहे. डिसेंबरात सहा महिन्यांसाठी आली ती नातीबरोबर फिरायला.

आता सुरुवातीपासून सांगते, कारण या आठ महिन्यांत माझं मत तीनदा बदललंय.

पहिल्या तीन खेपा गाडीने. मिकी अँड फ्रेंड्स या पार्किंगच्या इमारतीत, 35 डॉलर. माझ्या पासात पार्किंग धरलेलं नाही. इमारतीबद्दल तक्रार नाही, उलट कौतुकच आहे. 2000 साली बांधलेली, सहा मजली, सुमारे दहा हजार गाड्या मावतात, आणि तरीही हातवारे करणारी माणसं तुम्हाला बरोबर ओळीत नेऊन लावतात. मजल्यांना पात्रांची नावं आहेत, त्यामुळे लेकीला "आपली गाडी डेझीकडे आहे" एवढं लक्षात राहतं. सरकत्या जिन्याने खाली, सुरक्षा तपासणी, ट्राम, दारात. पण 35 डॉलर म्हणजे दोन महिन्यांत सात-आठदा गेलं की पासाच्या किमतीवर आणखी वेगळा खर्च उभा राहतो. 1955 साली पार्क उघडला तेव्हा मोठ्या माणसाचं प्रवेशाचं तिकीट एक डॉलर आणि पार्किंग 25 सेंट होतं, म्हणजे तिकिटाच्या चौथ्या हिश्शात गाडी लागायची. पासवाल्यांना मात्र माझ्या या खेपांच्या वेळी, 2024-25 मध्ये, प्रत्येक खेपेला प्रवेश शून्य आणि पार्किंग पस्तीस.

तेव्हा चौथ्या खेपेला पैसे वाचवायला गेले. पार्कच्या जवळच्या एका खासगी जागेत, पुठ्ठ्यावर हाताने लिहिलेला वीस डॉलरचा फलक बघून गाडी लावली. पावती म्हणून हातात चिठ्ठी दिली, तिच्यावर नाव नाही, फोन नाही. रात्री परत आलो तर गाडी नाही! ती जागा त्या माणसाची नव्हतीच, खऱ्या मालकाने गाडी उचलून नेली होती. सोडवायला तीनशेच्या वर डॉलर गेले, वर रात्री अकराला टॅक्सी करून टोइंगच्या आवारात जायचं, तेही झोपलेल्या लेकीला घेऊन. यावरून एवढंच सांगेन: पावतीवर जागेचा पत्ता आणि फोन छापलेला नसेल तर चारच डॉलर वाचत असले काय नि चाळीस काय, लावू नका.

पाचव्या खेपेपासून बस. इथून माझं मत पहिल्यांदा बदललं. ऑरेंज काउंटीची 43 नंबरची बस फुलर्टनहून हार्बर बुलेव्हार्डनेच थेट खाली येते. माणशी दोन डॉलर, लेकीला तिकीट नाही, आईला ज्येष्ठांची सवलत. दक्षिणेकडे येणारी बस रस्त्याच्या पश्चिम बाजूला उतरवते, म्हणजे पार्कच्याच बाजूला. उतरायचं, शंभरेक पावलं चालायचं, तपासणी आणि दारात. ट्राम नाही, सरकते जिने नाहीत, "गाडी कुठल्या मजल्यावर" नाही. गाडीने येणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांपेक्षा आम्ही एकदा आधी आत होतो, आणि निघालो होतो त्यांच्या नंतर. मला इतका आनंद झाला की ऑफिसात आठवडाभर ज्याला त्याला सांगत होते. आईचं तर आणखी सोपं झालं. तिला दोनदाच तिकीट काढलं. बाकी वेळा ती तपासणी करून डिस्नेलँड आणि शेजारचा कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर या दोन पार्कांच्या मधल्या चौकात किंवा डाउनटाउन डिस्ने या दुकानं-खाणावळींच्या भागात बसायची. तिथे बसायला तिकीट लागत नाही. बाकावर बसून ती माणसं बघायची आणि दुपारी लेक तिच्याकडे यायची.

पण जाताना जी बस सोयीची, ती येताना गैरसोयीची. उत्तरेकडे जाणारी बस समोरच्या, पूर्वेच्या बाजूला थांबते. म्हणजे दिवसाच्या शेवटी, सगळ्यात थकलेल्या वेळी आणि सगळ्यात दाट गर्दीत हार्बर ओलांडायचाच. हार्बरच्या पूर्वेला मोटेलं आणि हॉटेलं आहेत, त्यामुळे तिथे राहणारी हजारो माणसंही त्याच क्षणी त्याच पट्ट्यांवर येतात.

या सिग्नलबद्दल मी जरा अतीच वाचलंय हे मान्य आहे, पण ऐका. अमेरिकेत उलटे आकडे मोजण्याचा वेळ ठरवताना माणूस सेकंदाला साडेतीन फूट चालतो असं धरतात. 2009 पर्यंत चार फूट धरत होते, तो वेग कमी केला. शंभर फुटांचा रस्ता धरला तर साधारण 29 सेकंद होतात. आईचा गुडघा दुखत असेल तेव्हा ती सेकंदाला दोन फूटही जेमतेम चालते, म्हणजे तिला पन्नास सेकंद हवेत. हा एक भाग. दुसरा भाग कुठल्याच हिशोबात दिसत नाही: गर्दी. पांढरं चिन्ह लागल्यावर पहिल्या रांगेतला माणूस लगेच निघतो, दहाव्या रांगेतला फुटपाथच्या कडेला पोचतो तेव्हा त्याच्या वाट्याचे निम्मे सेकंद पुढच्यांच्या पाठी बघण्यात गेलेले असतात. दुपारी तीनला हाच सिग्नल अगदी पुरेसा आहे, मी स्वतः तेव्हा आरामात ओलांडलाय. फटाक्यांनंतरच्या त्या अर्ध्या तासात तो पुरत नाही. आणि त्या अर्ध्या तासात रस्त्यावर कोण असतं? मुलांना कडेवर घेतलेले आईबाप, बाबागाड्या, व्हीलचेअर, आजी-आजोबा.

इथे माझं मत दुसऱ्यांदा बदललं. मी ठरवलं, यावर उपाय एकच, पूल. मग कळलं की पुलाची योजना आधीच झाली होती. 2016-17 च्या सुमाराला हार्बरच्या पूर्वेला पार्किंगची मोठी इमारत आणि तिथून हार्बरवरून थेट पार्ककडे येणारा पादचारी पूल असा बेत होता. समोरच्या मोटेलवाल्यांनी विरोध केला आणि तो बारगळला. मला त्यांचा खूप राग आला. आपल्या चार खोल्या भरण्यासाठी हजारो माणसांना रस्त्यात उभं करता?

मग आईने एक दिवस नेमकं विचारलं, "तो पूल कुठून चढायचा?" मी नकाशा काढून बघितला, तेव्हा लक्षात आलं की मोटेलवाल्यांचं भांडण नेमकं तेच होतं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पूल पार्किंगमधून सुरू होऊन पार्कात संपणार होता. हार्बरच्या फुटपाथवरच्या माणसाला त्याचा उपयोग नव्हता, उलट फुटपाथवरून दारात जाणारी आजची वाटच हरवणार होती. म्हणजे बसने आलेली आमच्यासारखी माणसं आणि पायी येणारे पाहुणे खालीच राहणार होते. त्या वेळी ते पैशासाठी बोलत असतील, पण मुद्दा त्यांचा बरोबर होता. हे माझं तिसरं मत आणि तेच आज आहे.

हा परिसर इतका दाटीवाटीचा कसा झाला हे बघितलं की पायी येणाऱ्याला विसरण्याचं हेच सूत्र सगळीकडे दिसतं. वॉल्ट डिस्नीने इथे संत्र्यांच्या बागांची 160 एकर जमीन घेतली. 17 जुलै 1955 ला उद्घाटनाच्या दिवशीच सांता अॅना फ्रीवेवर गाड्यांची रांग लागली होती. पार्कच्या कुंपणाबाहेर भराभर मोटेलं उभी राहिली आणि त्याला काहीच करता आलं नाही, हे त्याला कायम खुपलं. म्हणून फ्लोरिडात त्याने सुमारे 27 हजार एकर घेतले. तिथे 1971 साली पार्क उघडला तो असा की गाडी तळ्याच्या अलीकडे लावायची आणि पलीकडे मोनोरेलने किंवा बोटीने जायचं. ॲनाहाइममध्ये मात्र गाड्यांचं मैदान दारासमोरच होतं. 2001 साली त्या मैदानावर दुसरा पार्क उभा राहिला आणि गाड्या पश्चिमेच्या मिकी अँड फ्रेंड्स इमारतीत गेल्या. पूर्वेला, एका जपानी-अमेरिकन कुटुंबाचं स्ट्रॉबेरीचं शेत होतं, जे त्यांनी वर्षानुवर्षं विकायला नकार दिला होता. 1998 साली ते विकलं गेलं आणि आज त्याच जागेवर टॉय स्टोरी नावाचं पार्किंग आहे, जिथून बसने यावं लागतं. आणि आता 2024 साली शहराच्या कौन्सिलने मोठी योजना मंजूर केली. तिच्यात पार्किंगच्या सध्याच्या जागांवर नवीन राइड्स, हॉटेलं आणि दुकानं बांधता येतील, कंपनीने दहा वर्षांत किमान 1.9 अब्ज डॉलर घालायचे आहेत, आणि मॅजिक वे हा सार्वजनिक रस्ताही शहर कंपनीला विकणार आहे. पश्चिमेला वॉलनट स्ट्रीटपलीकडे साधी घरं आहेत, तिथल्या लोकांसाठी हे दिवाणखान्याच्या खिडकीबाहेरचं बांधकाम आहे.

म्हणजे पार्क वाढला की पार्किंग खातो, आणि पार्किंग आणखी लांब जाऊन बसतं. ती लांबी भरून काढते ट्राम किंवा बस, आणि ज्यांना या दोन्ही नको असतात त्यांची वाट प्रत्येक वेळी एका चौकाने वाढते. उंच हॉटेलं मला खुपत नाहीत. कटेला ॲव्हेन्यूवर अलीकडे बरीच महागडी हॉटेलं आली, ती दिसायला छान आहेत. पण प्रत्येकाच्या पायाशी गाड्या आत-बाहेर करायचं तोंड आहे. हार्बरच्या पूर्वेच्या फुटपाथवरून एकदा आईबरोबर चालताना मी मोजत होते. दर वीस-तीस पावलांवर फुटपाथ तुटून कुणाच्या तरी पार्किंगच्या उतारात मिसळायचा, आणि प्रत्येक वेळी आई थांबून डावीकडे बघायची, गाडी येतेय का म्हणून. एका रांगेत पाच-सहा वेळा थांबल्यावर ती म्हणाली, "इथे फुटपाथ आहे की गेटांची रांग?"

नव्या योजनेत हार्बरच्या पूर्वेला पुन्हा पार्किंगची इमारत आणि पुन्हा हार्बरवरून पूल आहे. या वेळी मला पूल हवाच आहे. फक्त एक अट आहे, आणि मी ती पुन्हा पुन्हा सांगणार: पुलाला हार्बरच्या दोन्ही फुटपाथांवर उतरणारी लिफ्ट आणि जिना हवा, आणि तो तिकीट न काढलेल्या, पार्किंग न घेतलेल्या माणसालाही खुला हवा. पूल फक्त पार्किंगमधून पार्किंगवाल्यांसाठी असेल तर त्यांच्या पार्किंगच्या पैशांत आईच्या वाटेचं काहीच येणार नाही. आणि पूल होईपर्यंत एवढं तरी करा, फटाक्यांनंतरच्या अर्ध्या तासात चालणाऱ्यांचा वेळ वाढवा. त्यासाठी काँक्रीट लागत नाही.

पास घ्यायचा असेल तर माझं स्पष्ट मत: 43 च्या वाटेवर राहत असाल तर पार्किंग नसलेला पास घ्या आणि बसने या, वाचलेले पैसे खरेच हातात राहतात. येताना उशीर झाला तर फटाके संपायची वाट बघू नका, शेवटच्या दहा मिनिटांत निघा किंवा संपल्यावर अर्धा तास दोन पार्कांमधल्या चौकातच बसून राहा. आई दुसरा पर्याय पसंत करते, तिला बाक मिळतो.

आमचा पास ऑक्टोबरमध्ये संपतोय, नूतनीकरण करणार आहोत. सिग्नलच्या वेळेबद्दल आणि पुलाच्या लिफ्टबद्दल शहराला एक पत्र लिहिलंय, आईच्या वयाचा आणि गुडघ्याचा उल्लेख करून, तिच्याच सांगण्यावरून. कालच पाठवलं. उत्तर आलं की इथेच खाली टाकेन.