डबा की बरणी? आधी झाकण बघा

भांड्यांच्या दुकानात डबा हातात आला की आपण तो वाजवतो, वजन अजमावतो, भाव विचारतो. झाकण उघडून बघायचं सगळ्यात शेवटी. नवीन घर लावताना पन्नासेक डबे-बरण्या एकदम घ्यायच्या असतील, तर माझं ऐका आणि हे उलट्या क्रमानं करा.

आम्ही दहा वर्षं नागपुरात काढली आणि मग रत्नागिरीला आलो. तेच डबे, तेच सामान. नागपुरात पोह्यांचा चिवडा नुसत्या स्टीलच्या डब्यात पंधरा दिवस कुरकुरीत राहायचा. इथे जुलैत तोच डबा, तोच चिवडा तिसऱ्या दिवशी सादळला. पावसाळ्यात इथली हवा बहुतेक दिवस 85 टक्क्यांच्या वर दमट असते. तेव्हा 'कुठला डबा चांगला' याचं उत्तर तुम्ही कुठे राहता यावर निम्मं ठरतं.

स्टीलपासून सुरुवात करू, कारण घरात तेच सगळ्यात जास्त असतं. चांगल्या जुळणीच्या स्टीलच्या डब्यावर झाकण ठेवून हात सोडला, तर ते आतली हवा बाहेर सारत सावकाश खाली उतरतं. आईच्या लग्नातल्या डब्यांवर टिंबाटिंबांनी 'मामाकडून सप्रेम भेट' असं कोरलंय. त्यांची झाकणं आजही तशीच उतरतात. मी गेल्या दिवाळीत घेतलेल्या डब्याचं झाकण ठण्णकन आदळतं. दुकानात हे बघायला दहा सेकंद लागतात.

स्टील फुटत नाही, वास धरत नाही आणि उंदीर ते कुरतडू शकत नाही. तळमजल्यावर किंवा गावाकडच्या घरात राहणाऱ्यांना यातली शेवटची गोष्ट काय मोलाची असते ते सांगायला नको. 304 आणि 202 अशा स्टीलच्या प्रतीच्या आकड्यांवरून दुकानदार भाव वाढवतात. 304 मध्ये निकेल जास्त असतं आणि ते गंजाला जास्त टिकतं, हे खरं. पण डाळ-तांदळाला 202 चालतं. लोहचुंबक लावून परीक्षा करायची तर या दोन्हींना ते जवळपास चिकटतच नाही, त्यामुळे त्यावरून हा फरक कळायचा नाही. मीठ मात्र कुठल्याच स्टीलमध्ये ठेवू नका, तळाला बारीक खड्डे पडतात.

स्टीलची खोड एकच: आत काय आहे, किती आहे, ते दिसत नाही. साबुदाणा संपलाय हे एकादशीच्या सकाळीच कळतं.

काच त्याच्या अगदी उलट. सगळं दिसतं, वास राहत नाही, मीठ-चिंच-आमसुलाला तिच्यासारखं दुसरं काही नाही. पण काचेची बरणी म्हणजे खरं तर तिचं झाकण. पत्र्याचं फिरकीचं झाकण इथल्या दोन पावसाळ्यांत आतून गंजतं, मिठावर असेल तर त्याहून लवकर. आणि ती बांबूच्या झाकणांची बरणी! फोटोत सुंदर दिसते म्हणून मी बारा आणल्या. गणपतीपर्यंत झाकणांना कडेनं हिरवट-काळी बुरशी आली आणि फुगल्यामुळे दोन तर निघेनात. आता त्यात मुलीची रंगीत बटणं आहेत. काच घ्यायचीच तर सिलिकॉनची रिंग असलेलं झाकण घ्या. ती रिंग सुटी निघते का आणि वेगळी विकत मिळते का, हेही विचारा. लाल तिखट आणि हळद काचेतून उघड्या फळीवर ठेवू नका. उजेडानं तिखटाचा रंग उतरतो. आणखी एक, ट्रॉलीच्या वरच्या खणात भरलेल्या काचेच्या बरण्या ठेवल्या तर खण ओढताना वजनाचा अंदाज येईल. तिथे प्लास्टिक बरं.

प्लास्टिकला मी नाकं मुरडत नाही. तळाशी त्रिकोणातला आकडा बघायचा. 1 म्हणजे पेट, पारदर्शक आणि स्वस्त, पण साधारण 70 अंशांच्या पुढे मऊ पडतं, म्हणून ताजा भाजलेला गरम रवा त्यात ओतलात तर बरणी वाकडी होते. 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, जरा दुधट, उष्णता जास्त सोसतं. चार बाजूंनी कुलपासारखं लागणारं झाकण याच जातीच्या डब्यांना चांगलं येतं. पावसाळ्यात पापड, शेव, बिस्किटं यांना मी हेच वापरते. परीक्षा सोपी: रिकामा डबा बंद करून पाण्याच्या बादलीत दाबून धरा. बुडबुडे आले तर परत करा. हिंग आणि गोडा मसाला मात्र यात कधीच नाही. तो वास पुढची पाच वर्षं राहतो.

झाकण घट्ट म्हणजे कीड लागणार नाही, असं समजू नका. तांदळातले सोंडे दाणा पोखरून आत अंडी घालतात आणि तुम्ही आणलेल्या पिशवीतूनच घरी येतात. उकाड्यात महिनाभरात ते बाहेर पडतात, डबा कितीही महागाचा असो. रवा, मैदा, बेसन आणलं की मी पिशवीसकट चार दिवस फ्रीझरमध्ये टाकते. बाहेर काढून पुरतं कोमट झाल्यावरच पिशवी फोडायची, नाहीतर पाणी सुटून गाठी होतात. तूरडाळीला एरंडेल चोळायची पद्धत चांगलीच आहे, फक्त तेव्हा डबा स्टीलचा हवा. प्लास्टिकचा तो चिकटपणा घासून जात नाही.

आता मापाचं. एक किलो तांदळाला सव्वा लिटर पुरतं, पण एक किलो कणकेला दोन लिटरच्या आसपास लागतं. अंदाज इथेच चुकतो आणि मग पिशवीत उरलेली कणीक रबर लावून डब्याशेजारी पडून राहते. दोघांच्या घराला पाच लिटरचे दोन, दोन लिटरचे सहा, बाकी एक लिटर आणि त्याहून लहान. चौकोनी डबे ट्रॉलीत जागा वाचवतात, पण कोपऱ्यात बेसन बसतं. गोल डबा हात फिरवला की स्वच्छ. ज्यात मूठ जात नाही ती बरणी घ्यायचीच नाही.

वर्षाचे गहू भरणार असाल तर पत्र्याची कोठी, दुसरा विचारच नको. उन्हं देऊन, थंड झाल्यावर भरा. आणि जुन्यावर नवं ओतू नका. तळाचे दाणे तसेच राहतात आणि टोके, म्हणजे गव्हातले किडे, तिथूनच वर चढतात. आमच्याकडे डब्याच्या बुडाला चिकटपट्टी असते, तिच्यावर भरल्याची तारीख. झाकणावर नाही लिहायची, झाकणं बदलतात.