आमचं रेशनचं दुकान: माप पूर्ण, दुकानदार चांगला, नियम मात्र बदलायला हवेत

सेंट्रल लाईनवरच्या एका उपनगरात, दोन चाळींच्या मधल्या गल्लीत आमचं रेशनचं दुकान आहे. आमचं केशरी कार्ड, अन्नसुरक्षा कायद्यातल्या प्राधान्य कुटुंबातलं (म्हणजे कमी उत्पन्नाचं), चार जणांची नावं, म्हणजे माणशी ५ किलोच्या हिशोबाने महिन्याला २० किलो धान्य. जानेवारी २०२३ पासून ते फुकट मिळतं, त्याआधी तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये किलो होता. दुकानदार काकांना विचारलेलं नाही म्हणून दुकानाचा नंबर लिहीत नाही, पण दुकान चांगलं चाललंय आणि ते का चाललंय हे लिहावंसं वाटलं.

सगळ्यात आधी माप. काटा इलेक्ट्रॉनिक आहे आणि त्याचा आकडा आपल्याला दिसेल असा वळवून ठेवलाय. काका आधी रिकामी पिशवी ठेवून काटा शून्यावर आणतात, मग धान्य ओततात. अंगठा लावला की मशीनमधून पावती येते, तिच्यावर किती किलो दिलं ते छापलेलं असतं आणि काका ती न मागता हातात देतात. बाहेरच्या फळ्यावर साठा लिहिलेला असतो, आणि तो खरोखर त्या महिन्याचा असतो. हे सगळं नियमातच आहे, मेहेरबानी नाही, पण नियम पाळणारं दुकान ज्यांना मिळालेलं नाही त्यांना विचारा ही केवढी मोठी गोष्ट आहे ते. माझी आजी सांगायची की तिच्या वेळी कार्डावर पेनने लिहायचे आणि "माल संपला" म्हटलं की रिकामी पिशवी घेऊन घरी, पुढे विचारायची सोय नाही. आज आपल्या कार्डावर किती धान्य उचललं गेलं ते ऑनलाईन बघता येतं. चोरी सगळीकडची थांबली असं नाही, पण ती पकडायचं साधन आता गिऱ्हाइकाच्या हातात आलंय.

धान्याबद्दल. गहू चांगला असतो, निवडावा लागतो पण चपाती मऊ होते. तांदूळ जाडा, रोजच्या भाताला चालतो, घावन आणि इडलीला तर मस्तच. मध्यंतरी आमच्याकडे "प्लास्टिकचा तांदूळ आलाय" म्हणून व्हॉट्सॲपवर फिरत होतं आणि बायका तांदळातले वेगळे दिसणारे दाणे वेचून टाकत होत्या. ते प्लास्टिक नसतं. तांदळाच्याच पिठाचे बनवलेले दाणे असतात, त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी १२ घातलेलं असतं आणि शंभर किलोत साधारण किलोभर मिसळतात. ज्या बाईला ॲनिमिया आहे तीच ते दाणे फेकत होती आणि तिला सांगायला कोणी नाही, हे मला फार लागलं. सरकारने एवढा खटाटोप करून पोषण पिशवीत घातलं तर दुकानावर मराठीत एक मोठं पोस्टर लावायला काय हरकत होती? आमच्या काकांनी शेवटी स्वतःच पुठ्ठ्यावर लिहून लावलं.

आता त्रास. सर्व्हर. महिन्याच्या सुरुवातीला मशीन गोल गोल फिरत बसतं, लाईन पार गल्लीच्या तोंडाशी जाते, ज्या बायका चार घरची कामं करून मध्येच आलेल्या असतात त्यांचा खाडा होतो. आणि भांडी घासून घासून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्यात त्यांचाच अंगठा मशीन घेत नाही, म्हणजे ज्यांच्यासाठी हे सगळं आहे त्यांनाच ते जास्त अडवतं. चेहरा दाखवून ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवायचं ॲप आलंय, पण त्याला चांगला फोन लागतो, आणि शेजारच्या आजींचं काम शेवटी कोणाच्या तरी मुलाने करून दिलं. दुकानदारावर चिडून उपयोग नाही, त्याला क्विंटलमागे १५० रुपये मिळायचे, ते आत्ता कुठे १७० झाले, त्यात भाडं, वीज, हमाल सगळं काढायचं.

आणि आता जे मला मुख्य बोलायचंय ते. आमच्या ऑफिसमध्ये, नातेवाईकांत, सगळीकडे एक मत ऐकू येतं की सरकारने दुकानं चालवू नयेत, धान्य कशाला वाटायचं, सरळ खात्यात पैसे टाका, लोक आपलं आपण घेतील. बरं, हे महाराष्ट्रात काही जिल्ह्यांत केलेलं आहे. मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा अशा १४ जिल्ह्यांतल्या एपीएल (म्हणजे दारिद्र्यरेषेच्या वरच्या) केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना धान्याऐवजी माणशी महिन्याला १५० रुपये द्यायला लागले, नंतर ते १७० केले. १७० रुपयांत ५ किलो म्हणजे किलोला ३४ रुपये. मुंबईत कुठल्याही किराणा दुकानात जाऊन ३४ रुपयांत खाण्यासारखा तांदूळ मागून बघा. महागाई वाढली की पैशाची किंमत उतरते, ५ किलो मात्र ५ किलोच राहतात, आणि पैसे घरात आले की ते भाड्यात, औषधात नाहीतर दारूत जाऊ शकतात, धान्याचा मात्र भातच होतो. बाजाराला मुंबईने ओळखलंय. या शहरात रेशनिंग १९४३ साली सुरू झालं, युद्धाच्या काळात, व्यापाऱ्यांवर सोडून भागणार नाही हे कळल्यावर. आणि १९७२ नंतर मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यामागे हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या त्या महागाईविरुद्धच. त्यांचं मागणं साधं होतं, वस्तू मिळू द्या आणि परवडेल अशा भावात मिळू द्या.

तरी सगळं छान आहे असं मी म्हणणार नाही. शहरात या योजनेत बसायला वर्षाचं उत्पन्न ५९ हजारांच्या आत लागतं. महिन्याला पाच हजारसुद्धा नाही! मुंबईत पाच हजारांत कोण कुटुंब चालवतं? हीच अट अन्नसुरक्षा कायदा लागू झाला तेव्हापासूनची आहे, आणि त्याच सरकारने लाडकी बहीणला अडीच लाखांची मर्यादा ठेवली. म्हणजे एका योजनेत एखादी बाई गरजू आणि दुसऱ्या योजनेत श्रीमंत? वर राज्याचा इष्टांक, म्हणजे किती लोकांना धान्य द्यायचं तो ठरलेला आकडा, सुमारे ७ कोटी लोकांवर बांधलेला, तोही २०११ च्या जनगणनेवर, त्यामुळे कोणाचं नाव कमी झालं तरच नवीन नाव घुसतं. आमच्या मजल्यावर एका बाईचा नवरा गेला, ती आता एकटी कमावते, तिला रेशनिंग ऑफिसात "इष्टांक शिल्लक नाही" एवढंच सांगतात. उत्पन्नाची मर्यादा वाढवा आणि इष्टांक नव्याने ठरवा, याशिवाय कितीही चांगला दुकानदार असला तरी तिला त्याचा उपयोग नाही.

दुसरं, फक्त गहू-तांदूळ देऊन पोट भरतं पण जेवण होत नाही. २०२२ च्या दिवाळीत १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर, पामतेल मिळालं होतं, आनंदाचा शिधा, लोकांनी आवडीने घेतलं. ते सणापुरतं होतं आणि पुढे तेही थांबलं. डाळ आणि तेल दर महिन्याला हवं, भले त्याला थोडे पैसे लावा, आम्ही देऊ.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: पहिला आठवडा टाळा, पण महिना संपायच्या आत उचला, बहुतेक वेळा मागचं पुढे मिळत नाही. कार्ड बिहारचं किंवा यूपीचं असलं तरी प्राधान्य किंवा अंत्योदयमधलं (सगळ्यात गरीब कुटुंबांचं) असेल आणि आधार जोडलेलं असेल तर मुंबईत धान्य मिळतं, आमच्या गल्लीत बांधकामावरचे लोक घेतात, काका त्यांना परत पाठवत नाहीत. तुमचा दुकानदार पाठवत असेल, पावती देत नसेल, तर १९६७ वर फोन करा, कॉल फुकट आहे, आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्या.