फ्लूक ११७ मल्टिमीटर, दोन वर्षं रोज वापरल्यावर लिहितोय

माझ्या टूलबॅगेत एक जुना लाल प्रोब आहे, त्याचं टोक वितळून मण्यासारखं गोल झालंय आणि वरच्या प्लास्टिकवर काळी काजळी बसलीये. मीटर कधीच फेकून दिला पण तो प्रोब ठेवलाय, नवीन मुलगा हाताखाली आला की पहिल्या दिवशी आधी तोच त्याच्या हातात देतो आणि मग मीटर देतो.

झालं असं होतं की एका छोट्या मोटरचा करंट बघत होतो, म्हणजे लाल लीड (प्रोबची वायर) १० अँपिअरच्या होलमध्ये. तेवढ्यात कोणीतरी हाक मारली, दुसरं काम केलं, परत आलो, नॉब फिरवून व्होल्टवर आणला आणि डीबीमध्ये (सप्लाय वाटणाऱ्या बोर्डात) फेज न्यूट्रलवर प्रोब लावले. नॉब फिरवला पण लीड काढून व्होल्टच्या होलमध्ये टाकायची राहिली. करंटच्या होलमध्ये आत काय असतं तर जाड तारेचा शंट (करंट मोजायचा अगदी कमी रेझिस्टन्स), ओहमच्या शंभराव्या भागाएवढा, म्हणजे मी सरळ फेज आणि न्यूट्रल एका तारेने जोडले होते. मोठा आवाज, निळा पांढरा उजेड, एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप बंद होणारा स्विच) पडला, हातावर काजळी. डोळ्यावर चष्मा होता आणि एमसीबी वेळेत पडला म्हणून वाचलो, मीटरने मला वाचवलं नाही.

त्या मीटरवर समोर ठळक छापलं होतं कॅट थ्री १००० व्होल्ट (कॅट म्हणजे मीटर कुठल्या जागी सुरक्षित आहे त्याचा वर्ग, पुढे सांगतो). संध्याकाळी मागचे स्क्रू काढून उघडला तर १० अँपिअरच्या वाटेवर फ्यूजच नव्हता (बाहेर होलच्या बाजूला अगदी बारीक अक्षरात अनफ्यूज्ड लिहिलेलं होतं, मी कधी वाचलं नव्हतं) आणि मिलिअँपिअरच्या वाटेवर ५ बाय २० मिलिमीटरचा काचेचा फ्यूज, त्यावर २५० व्होल्ट. म्हणजे बाहेर १००० आणि आत २५०. कंपनीचं नाव घेत नाही, तसलेच मीटर वेगवेगळ्या नावांनी सगळीकडे विकले जातात.

त्यानंतर हा ११७ घेतला. मी पॅनल, वायरिंग, पंप, लाइट असली कामं करतो, सर्किट बोर्ड रिपेअर फार कमी, त्यामुळे पुढे जे लिहितोय ते त्या कामाच्या नजरेने वाचा.

आधी सेफ्टीबद्दल, कारण फीचरची यादी बॉक्सवर असतेच. ११७ कॅट थ्री ६०० व्होल्टचा आहे आणि करंटच्या वाटेवर ११ अँपिअर १००० व्होल्टचा मोठा फ्यूज आहे, साधारण ३८ मिलिमीटर लांब, बोटाच्या दोन पेरांएवढा. हा काचेचा नसतो, आत वाळू भरलेली असते, तार वितळली की वाळूच त्या ठिणगीची उष्णता पिऊन टाकते आणि आर्क विझतो. अशा फ्यूजची ब्रेकिंग कपॅसिटी, म्हणजे न फुटता जास्तीत जास्त किती करंट तोडेल ते, १० हजार अँपिअरच्या वर असते. साध्या काचेच्या फ्यूजची किती, तर ३५ अँपिअर किंवा त्याच्या रेटिंगच्या १० पट, यातलं जे जास्त असेल ते. म्हणजे १० अँपिअरचा काचेचा फ्यूज फार तर १०० अँपिअर तोडेल आणि डीबीमध्ये शॉर्ट झाला तर हजारो अँपिअर येऊ शकतात, मग काच फुटते आणि फुटलेल्या फ्यूजमधून आर्क चालूच राहतो, आणि हे सगळं तुमच्या तळहातात. म्हणून मीटर घेताना मी आता आधी फ्यूज बघतो, डिस्प्ले नंतर.

कॅटच्या आकड्याबद्दल बहुतेक जण व्होल्ट बघतात आणि कॅट सोडून देतात, मीही तसंच करायचो. कॅट टू म्हणजे सॉकेटला लावलेली उपकरणं आणि ती सॉकेट, कॅट थ्री म्हणजे डीबी, पॅनल, फिक्स वायरिंग, कॅट फोर म्हणजे मीटरिंगची जागा, बाहेरून येणारी सप्लाय लाइन. जितकं सप्लायच्या मुळाकडे जाल तितका शॉर्टचा करंट मोठा. स्टँडर्डमध्ये (आयईसी ६१०१०) कॅट टू १००० व्होल्टच्या मीटरला ६००० व्होल्टच्या सर्जची (व्होल्टेजच्या क्षणिक झटक्याची) टेस्ट असते आणि कॅट थ्री ६०० व्होल्टच्या मीटरलाही ६००० व्होल्टचीच, पण पहिल्यात तो सर्ज १२ ओहमच्या सोर्समधून येतो आणि दुसऱ्यात २ ओहमच्या. भाग देऊन बघा, ५०० अँपिअर आणि ३००० अँपिअर, सहापट फरक. म्हणजे १००० लिहिलेला कॅट टू मीटर ६०० लिहिलेल्या कॅट थ्रीपेक्षा पॅनलवर कमजोर. हे मला कोणी सुरुवातीलाच सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

आणि सर्जचं लोकांना खोटं वाटतं पण तो खरंच येतो, वीज पडली, जवळची मोठी मोटर बंद झाली की लाइनवर क्षणभर काही हजार व्होल्ट चढतात. त्या क्षणी मीटर लाइनला लावलेला असेल आणि आतल्या ट्रॅकमध्ये पुरेसं अंतर नसेल तर आत ठिणगी उडते, सर्ज निघून जातो पण ठिणगीने केलेल्या वाटेवरून मागून मेनचा करंट घुसतो, आणि मीटर फोडतो तो हा मागून आलेला करंट.

पण नुसतं छापलेल्यावर जाऊ नका, माझ्या जुन्यावरही छापलेलंच होतं. मागे यूएल, सीएसए, टीयूव्ही, इंटरटेक अशा बाहेरच्या लॅबचा शिक्का आहे का बघा. फक्त सीई असेल तर तो बहुतेक वेळा कंपनीने स्वतःच जाहीर केलेला असतो, तिसऱ्या कोणी तपासलं असा त्याचा अर्थ होत नाही.

आता वापराबद्दल. ११७ ज्याच्यासाठी घ्यावा ती गोष्ट म्हणजे ऑटो व्होल्ट लो-झेड, नॉबवर वेगळी जागा आहे. एका लांब कंड्यूटमध्ये एक स्पेअर वायर होती, दोन्हीकडून सुटी, कशालाच जोडलेली नाही, आणि साध्या एसी व्होल्टवर ती ८० च्या आसपास दाखवत होती. सोबतचा म्हणाला कुठेतरी इन्सुलेशन गेलंय, भिंत फोडावी लागेल. नॉब लो-झेडवर नेला, प्रोब तसेच धरले, आकडा खाली येत येत शून्याजवळ. भूत व्होल्टेज होतं. शेजारून चालू वायर गेली की दोन वायर मिळून छोटा कपॅसिटर होतो, त्यातून इवलासा करंट येतो आणि मीटरचा इनपुट काही मेगाओहमचा असल्यामुळे तो तेवढ्यावरही व्होल्ट दाखवतो. लो-झेडमध्ये इनपुट साधारण ३ किलोओहमचा होतो, मग भूत टिकत नाही, खरी सप्लाय असेल तरच आकडा राहतो. त्या दिवशी भिंत वाचली.

पण लो-झेड कुठेही वापरू नका. २३० व्होल्टला ३ किलोओहम म्हणजे सुरुवातीला ७५ मिलिअँपिअरच्या आसपास करंट, फेज आणि अर्थिंगमध्ये लावलात तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (अर्थिंगकडे करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) पडू शकतो आणि समोर कोणाचा कॉम्प्युटर चालू असेल तर शिव्या खाल. इलेक्ट्रॉनिक कंट्रोल सर्किटवर पण नको, तिथे लोड पडून काहीतरी बिघडू शकतं.

ट्रू आरएमएस आहे (म्हणजे वेव्ह कशीही असली तरी एसीचा खरा परिणामकारक आकडा दाखवतो) आणि ते हवंच. साधा मीटर एसीची सरासरी घेतो आणि १.११ ने गुणून दाखवतो, हे फक्त शुद्ध साइन वेव्हला बरोबर येतं. २३० व्होल्टवरचा डिमर अर्ध्यावर ठेवा, म्हणजे प्रत्येक अर्ध्या वेव्हचा अर्धा भाग कापलेला, खरा आरएमएस १६३ च्या जवळ असतो आणि सरासरीवाला मीटर ११५ दाखवतो. दोघंही बिघडलेले नाहीत, फक्त एकाला ती वेव्ह कळत नाही. आजकाल एलईडी ड्रायव्हर, एसएमपीएस (कॉम्प्युटर, चार्जरमधला पॉवर सप्लाय), इन्व्हर्टर सगळीकडे वाकडीतिकडीच वेव्ह असते म्हणून नॉन ट्रू आरएमएस मीटर मी तरी कुणाला सुचवणार नाही.

ॲक्युरसी एसी व्होल्टला १ टक्का अधिक ३ डिजिट (शेवटच्या आकड्यात ३ चा फरक), म्हणजे २३० ला अडीच व्होल्टच्या आसपास इकडे तिकडे. लोक ६००० काउंट (डिस्प्ले किती बारीक आकडे दाखवतो ते) वाचून खूश होतात पण डिस्प्लेवर जास्त आकडे दिसणं आणि ते बरोबर असणं वेगळं. माझ्या कामाला हे भरपूर आहे.

विदाउट कॉन्टॅक्ट व्होल्टेज डिटेक्ट पण आहे, मीटरचा वरचा भाग वायरजवळ नेला की बीप. कोणती वायर चालू आहे हे पटकन शोधायला मस्त, पण बीप नाही आला म्हणून सप्लाय बंद आहे असं कधीच धरू नका. लोखंडी पाइप, शील्ड केबल, डीसी, यात तो गप्प बसतो. बंद आहे हे ठरवायचं तर प्रोब लावून, आणि तेही तीन टप्प्यांत, आधी नक्की चालू असलेल्या ठिकाणी मीटर लावून आकडा येतोय ते बघा, मग कामाची जागा तपासा, मग परत त्या चालू जागी लावा. तिसरा टप्पा सगळे सोडतात. मधल्या वेळात लीड तुटली किंवा मीटरच मेला तर तोही शून्यच दाखवणार ना.

जे नाहीये ते पण सांगतो. मिलिअँपिअर मायक्रोअँपिअर रेंज नाही, त्यामुळे ४ ते २० मिलिअँपिअरचे सेन्सर लूप किंवा बर्नरचा फ्लेम करंट बघायचा असेल तर हा घेऊ नका. टेंपरेचर नाही. व्हीएफडीच्या (मोटरचा वेग कमी जास्त करणाऱ्या ड्राइव्हच्या) आउटपुटवर हाय फ्रिक्वेन्सीचा कचरा गाळणारा लो पास फिल्टर नाही. हे सगळं पाहिजे तर फ्लूकचाच ८७ फाइव्ह आहे, १००० व्होल्टला कॅट थ्री आणि ६०० ला कॅट फोर, पण त्यात लो-झेड नाही, म्हणून वायरिंगवाल्यासाठी महाग म्हणजे चांगला असं सरळ गणित नाहीये. शिवाय ८७ मध्ये लीड करंटच्या होलमध्ये राहिली आणि नॉब व्होल्टवर गेला तर तो ओरडतो. ११७ नॉब अँपिअरवर नेताना किंवा तिथून काढताना लीड असा शब्द थोडा वेळ दाखवतो, ती आठवण आहे, लीड खरंच कुठे आहे हे त्याला कळत नाही. माझ्यासारखी चूक झालेल्याला हा फरक लगेच जाणवतो. म्हणून मी एकच सवय लावून घेतलीये, करंट मोजून झाला की हात नॉबकडे जायच्या आधी लाल लीड काढायची, आणि खरं सांगायचं तर करंटसाठी आता मी बहुतेक वेळा क्लॅम्प मीटरच काढतो, वायर तोडायलाच नको. (क्लॅम्पमध्ये एकच वायर घ्या, फेज न्यूट्रल दोन्ही घेतल्या तर एकमेकांना मारून शून्य येतं. डीसीला हॉल सेन्सरवाला क्लॅम्प लागतो, साधा चालत नाही.)

लीडबद्दल दोन शब्द, कारण मीटर चांगला आणि लीड भंगार असं फार बघतो. लीडलाही स्वतःचं कॅट रेटिंग असतं आणि मीटर आणि लीड यात जो कमी तोच तुमचा खरा आकडा. टोकाला काढता येणाऱ्या टोप्या असतात त्या पॅनलमध्ये काम करताना घालाच, ४ मिलिमीटरच उघडं टोक राहतं, मग हात सरकून दोन फेज एकत्र टेकायची भीती कमी होते. वायर प्रोबच्या मानेजवळ चिरते, आठवड्यातून एकदा तिथे वाकवून बघा, आतला वेगळा रंग दिसला तर टेप लावू नका, लीड बदला.

बॅटरी ९ व्होल्टची, कंपनी ४०० तास सांगते बॅकलाइट न लावता, आणि माझा अनुभव त्याच्या जवळपासच आहे. लो बॅटरीची खूण आली की मी त्याच दिवशी बदलतो. स्वस्तातल्या काही मीटरमध्ये बॅटरी उतरली की आतला रेफरन्सच खाली येतो आणि आकडे वाढीव दिसायला लागतात, माझा जुना एकदा सॉकेटला २६० दाखवत होता आणि मी उगाच सप्लायला दोष देत बसलो होतो.

ज्यांच्याकडे हा मीटर आधीच आहे त्यांनी महिन्यातून एकदा फ्यूज बघत जा, उघडायची गरज नाही. कुठेही सप्लायला लावलेला नसताना लाल लीड व्होल्ट ओहमच्या होलमध्ये ठेवा, नॉब ओहमवर, आणि प्रोबचं टोक अँपिअरच्या होलमध्ये आत टेकवा. अर्ध्या ओहमच्या आत आकडा आला तर फ्यूज शाबूत, ओएल (वाट तुटलेली आहे अशी खूण) आला तर गेलाय. आणि गेला असेल तर तोच ११ अँपिअर १००० व्होल्टचा टाका, महाग वाटतो म्हणून काचेचा बसवलेले मीटर मी स्वतः उघडून बघितलेत, एकात तर फ्यूजच्या जागी चांदीचा कागद गुंडाळलेला होता.