चहाच्या मळ्यांतून पायी हिंडायचे असेल तर: मुन्नार की पालमपूर?

चहाच्या मळ्यांच्या प्रदेशात चार-पाच दिवस मुक्काम करायचा आणि त्यातला बराचसा वेळ पायी हिंडण्यात घालवायचा, असे ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी केरळमधील मुन्नार आणि हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यातले पालमपूर ही दोन्ही ठिकाणे विचारात घेण्यासारखी आहेत. निवड बहुधा छायाचित्रे पाहून होते आणि तिथे मुन्नार सहज बाजी मारते. मात्र चालणे हाच मुख्य हेतू असेल, तर माझा कौल पालमपूरला आहे.

मुन्नारचे देखणेपण वादातीत आहे. सुमारे पंधराशे-सोळाशे मीटर उंचीवरच्या या गावाभोवती डोंगरच्या डोंगर चहाने झाकलेले आहेत. सतत खुडणी होत असल्याने झुडपांचे माथे सपाट झालेले असतात आणि दोन झुडपांमधल्या चिंचोळ्या वाटा दुरून हिरव्या उतारावर कोरलेल्या रेघांसारख्या दिसतात. त्या वाटा मात्र पानतोड करणाऱ्या कामगारांसाठी आहेत. बहुतेक मळे कंपन्यांच्या मालकीचे असल्यामुळे परवानगीवाचून आत शिरता येत नाही आणि वाटाड्याबरोबर ठरलेल्या मार्गानेच चालावे लागते. एराविकुलम राष्ट्रीय उद्यानात निलगिरी ताहर या डोंगरी रानबकऱ्या अगदी जवळून पाहायला मिळतात, पण तिथेही वनविभागाच्या बसने जाऊन पुढे आखून दिलेल्या रस्त्यानेच चालायचे असते. दक्षिण भारतातील सर्वोच्च शिखर असलेली २,६९५ मीटर उंचीची आनमुडी बहुतेकांना खालूनच पाहावी लागते. दमदार चाल हवी असेल, तर मीसापुलिमला शिखराचा पर्याय खरोखर उत्तम आहे. केरळ वनविकास महामंडळाकडे आगाऊ नोंदणी करून तिथे जाता येते आणि गवताळ माथ्यावरून दोन्ही बाजूंचा विस्तार दिसतो. एकट्याने, मनाला येईल तेव्हा निघून जाण्याची मोकळीक मात्र तिथेही नाही, आणि रानहत्तींचा वावर पाहता हे बंधन योग्यच आहे.

पालमपूरचे मळे त्या मानाने लहान, विखुरलेले आणि कमी उंचीवर, सुमारे बाराशे मीटरांवर आहेत. इथे चहा १८४९ च्या सुमारास आला, तो लहान पानांच्या चिनी जातीचा. ४ एप्रिल १९०५ च्या भीषण भूकंपात खोऱ्याची अपरिमित हानी झाली, चहाचे कारखाने कोसळले आणि अनेक युरोपीय मळेवाले जमिनी विकून निघून गेले. आज इथली लागवड मुख्यतः लहान शेतकऱ्यांच्या हाती आहे. चालणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की मळा, भातखाचर, स्लेटच्या छपरांची घरे आणि देवदार एकामागून एक येत राहतात आणि गावांना जोडणाऱ्या नेहमीच्या वाटा मळ्यांना लागूनच जातात. धौलाधार पर्वतरांगेवरून उतरणाऱ्या ओढ्यांचे पाणी शेतांपर्यंत नेणारे पाट, ज्यांना तिथे कूहल म्हणतात, त्यांच्या काठाने चालणे मला या खोऱ्यातले सर्वांत मोठे सुख वाटते: वाटेला फारसा चढ नाही, पाण्याची सोबत आहे आणि झाडी संपताच समोर पर्वताची भिंत उभी राहते. शिवाय अंद्रेट्टा हे कुंभारकामासाठी आणि चित्रकार शोभा सिंग यांच्या वास्तव्यासाठी ओळखले जाणारे गाव आणि बैजनाथचे प्राचीन शिवमंदिर जवळच आहे.

हंगामाचा हिशेब दोन्हीकडे वेगळा आहे. मुन्नारला खुडणी जवळजवळ वर्षभर चालते, पण नैर्ऋत्य मोसमी पाऊस ओसरल्यावर ईशान्य मोसमी पाऊस येतो, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरची खात्री देता येत नाही. पावसात वाटांवर जळवा असतात. एराविकुलम साधारणपणे फेब्रुवारी-मार्चमध्ये ताहरच्या विणीसाठी बंद असते, म्हणून डिसेंबर-जानेवारी हा काळ सर्वांत निर्धास्त. नीलकुरिंजी या निळ्या रानफुलांचा सर्वदूर बहर २०१८ मध्ये येऊन गेला. बारा वर्षांच्या चक्रानुसार पुढचा २०३० मध्ये अपेक्षित आहे. पालमपूरला खुडणी एप्रिल ते ऑक्टोबर. पहिल्या तोडीचा चहा आणि शिखरांवरचे बर्फ एकत्र हवे असेल, तर एप्रिल निवडावा. चालण्यासाठी स्वच्छ हवा हवी असेल, तर ऑक्टोबर. जुलै-ऑगस्ट पूर्ण टाळावा, कारण धौलाधारच्या पायथ्याशी पाऊस अतिशय जोरदार असतो.

प्रवासाच्या बाबतीत मुन्नारला जवळचा विमानतळ कोचीचा, सुमारे ११० किलोमीटरांवर आहे आणि त्यातला बराचसा रस्ता घाटाचा आहे. गाडीत त्रास होणाऱ्यांनी हे विसरू नये. पालमपूरसाठी कांगड्याचा गग्गल विमानतळ त्याहून बराच जवळ पडतो. पठाणकोट ते जोगिंदरनगर हा १६४ किलोमीटरांचा, १९२९ पासूनचा नॅरोगेज मार्गही याच खोऱ्यातून जातो, परंतु ऑगस्ट २०२२ मध्ये चक्की नदीवरचा त्याचा पूल कोसळला होता. त्यामुळे रेल्वेने जायचे असल्यास कोणत्या टप्प्यात गाडी चालू आहे, याची चौकशी करूनच मुक्कामाचे आरक्षण करावे.