ग्रामीण भागात कॉम्प्युटर दुरुस्ती: दुकान टाकावं, घरोघर फिरावं की दुरून मदत करावी?

कॉम्प्युटर उघडायची भीती गेली आहे, ओळखीपाळखीची मशीनं दुरुस्त करून झाली आहेत आणि आता याच कामावर पोट चालवायचं, तेही शहरात न जाता, असं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. समोर चार वाटा दिसतात. गाळा घेऊन दुकान टाकणं. हत्यारांची बॅग घेऊन गिऱ्हाइकाच्या घरी जाणं. मशीन उचलून आणून आपल्या टेबलावर दुरुस्त करणं. किंवा इंटरनेटवरून त्याच्या स्क्रीनचा ताबा घेऊन बसल्या जागी काम करणं.

यांची तुलना करायला मी एकच माप लावतो: एका मशीनसाठी किती खेपा होतील? गिऱ्हाईक २० किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन ४० किलोमीटर. ताशी ४० चा वेग धरला तरी तास रस्त्यात गेला. हा तास मजुरीत बसवता येतो. पण पार्ट बरोबर नव्हता म्हणून परत जावं लागलं की ८० किलोमीटर आणि दोन तास होतात, पैसे मात्र एकाच दुरुस्तीचे मिळतात. गिऱ्हाइकाने दुसऱ्या फेरीचे पैसे का द्यावेत? त्याचा यात काही दोष नसतो. चांगला हात असलेला कारागीरही या दुसऱ्या खेपेपायी बेजार होतो.

दुकान: खेप गिऱ्हाइकाची, पण अर्धा बिघाड घरीच राहतो

दुकानात सगळं हाताशी असतं. उजेड नीट, टेबल पक्कं, डाग द्यायचं (सोल्डरिंगचं) यंत्र तापलेलं. जास्त रॅमची पूर्ण तपासणी मेमटेस्ट या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामवर करायची तर काही तास जातात, त्या वेळात दुसरं मशीन उघडता येतं. एकाच वेळी तीन-चार मशीनं चालू ठेवण्याची ही सोय दुसऱ्या कोणत्याच वाटेत नाही.

अडचण अशी की लोक फक्त कॅबिनेट घेऊन येतात. मॉनिटर, प्रिंटर, वायफायचा राउटर, भिंतीतला सॉकेट हे सगळं घरी. घरी चालू न होणारं मशीन टेबलावर बटण दाबताच सुरू होतं, हा अनुभव या कामातल्या प्रत्येकाला येतो. मग कळतं की दोष सैल झालेल्या एक्स्टेन्शन बोर्डात होता, किंवा संध्याकाळी व्होल्टेज पडत होतं. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, ही तक्रारही तशीच. तिचं कारण बऱ्याचदा घरातल्या अर्थिंगमध्ये असतं. अर्थिंग तुटलेलं असलं की पॉवर सप्लायच्या फिल्टरमधून झिरपणारा किंचित करंट पत्र्यावर येतो. दुकानात अर्थिंग ठीक असल्यामुळे तिथे काहीच जाणवत नाही. तुम्ही मशीन 'ओके' म्हणून परत देता, ते घरी जाऊन पुन्हा तेच करतं आणि तुमच्यावरचा भरवसा कमी होतो.

शिवाय भाडं रिकाम्या दिवशीही चालूच राहतं. आसपासची माणसं ज्या मोठ्या गावात कामासाठी नेहमी येतात, शाळा आणि कार्यालयं जिथे एकवटली आहेत, तिथे दुकान चालू शकतं. वस्ती विखुरलेली असेल तर पहिल्याच वर्षी गाळा अंगावर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

फिरती सेवा: निम्मं काम फोनवरच होतं

घरी जाण्याचा मोठा फायदा म्हणजे मशीन त्याच्या जागी, त्याच्या वायरींसकट बघायला मिळतं. धूळ कुठून येते, उंदराने कोणती केबल कुरतडली, राउटर कोणत्या कोपऱ्यात कोंडला आहे हे दोन मिनिटांत दिसतं. गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं, त्यामुळे काय केलं आणि का केलं हे सांगता येतं. ग्रामीण भागात नाव होतं ते अशा सांगण्यातूनच.

पण निघण्याआधी फोनवर दहा मिनिटं दिली नाहीत तर ही वाट सगळ्यात महाग पडते. बटण दाबल्यावर दिवा लागतो का? पंखा फिरतो का? बीप वाजते का? शेवटचं नीट कधी चाललं? आणि मशीनच्या तळाच्या स्टिकरचा फोटो मागवायचाच. मॉडेल कळलं की रॅम कोणती लागेल ते कळतं. लॅपटॉपच्या डीडीआर३ रॅमला २०४ पिना असतात, डीडीआर४ ला २६०, खाचेची जागाही वेगळी, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. काही पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते, म्हणजे वाढवायचा प्रश्नच मिटला. एम.२ एसएसडीचंही (फिरती चकती नसलेली, चिपांवर माहिती साठवणारी, बोर्डावरच्या स्लॉटमध्ये बसणारी डिस्क) तसंच. दिसायला सारखीच पट्टी, पण साटा आणि एनव्हीएमई हे दोन वेगळे प्रकार आहेत. स्लॉट कोणता चालवतो हे न बघता गेलात तर हात हलवत परत यावं लागतं.

फिरत्या सेवेत मला सगळ्यात समाधान देणारं काम म्हणजे जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवणं. हार्ड डिस्कला इकडची-तिकडची छोटी माहिती सेकंदाला साधारण शंभर वेळा शोधता येते, एसएसडीला हजारो वेळा. दहा वर्षं जुन्या मशीनला उठायला तीन-चार मिनिटं लागत असतील तर त्याच दिवशी ते अर्ध्या मिनिटात उठतं आणि घरातल्यांच्या चेहऱ्यावर फरक दिसतो. एक स्क्रू ड्रायव्हर, एक खेप.

वेळेचा हिशोब मात्र आधी करावा. २०० जीबी माहिती उतरवायची असेल आणि जुनी डिस्क सेकंदाला १०० एमबी देत असेल तर ३५ मिनिटांच्या आत काम होतं. तीच माहिती जुन्या यूएसबी २ च्या पोर्टमधून काढलीत तर दीड तासाच्या वर जातो. म्हणून यूएसबी ३ चा अडॅप्टर बॅगेत हवा. आणि डिस्क आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये बघायची. 'पेंडिंग सेक्टर'चा, म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या भागांचा, आकडा चढलेला दिसला तर तिथे एक मिनिटही काढू नका. मरायला टेकलेल्या डिस्कवर जितकं जास्त वाचन होतं तितकं हाती लागण्यासारखं कमी उरतं. ती बंद करून टेबलावर न्यायची.

बॅगेबद्दल आणखी दोन गोष्टी. बऱ्याच घरांत इंटरनेट बेताचं असतं आणि विंडोज ११ ची फाइल ५ जीबीहून मोठी, त्यामुळे ती पेनड्राइव्हवर घरूनच न्यावी. वायफायचे आणि लॅन कार्डाचे ड्रायव्हरही (ते भाग विंडोजला ओळखू देणारे प्रोग्राम) बरोबर असू द्या. नवं विंडोज टाकलं, वायफाय दिसत नाही आणि ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट नाही, या कोंडीत मी सुरुवातीला सापडलो आहे. बाकी मल्टीमीटर, तारीख विसरणाऱ्या मशीनसाठी सीआर२०३२ चा सेल, एक जादा एसएमपीएस (डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय) आणि कोरडा ब्रश एवढं असलं की बहुतेक घरं भागतात.

एक गोष्ट गिऱ्हाइकाच्या घरी करायचीच नाही: यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपचा बायोस (मशीन सुरू करणारा, बोर्डावरच्या चिपमधला प्रोग्राम) अपडेट. मध्येच वीज गेली तर चालतं मशीन कायमचं बसू शकतं, आणि ते तुमच्या हातून बसलेलं असतं.

मशीन उचलून आणणं: टेबल घरचंही चालतं

चार्जिंग जॅक उखडला, बिजागरी तुटली, की-बोर्डवर पाणी सांडलं, बोर्डावर शॉर्ट आहे. ही कामं गिऱ्हाइकाच्या ओट्यावर करू नयेत. घाई होते, स्क्रू हरवतात, लहान मुलं जवळ येतात आणि डाग देताना हात स्थिर राहत नाही. त्यासाठी दुकान लागतंच असं नाही. घरातली एक खोली, चांगला दिवा आणि स्थिर विजेपासून बचाव करणारा मनगटपट्टा पुरे.

मशीन ताब्यात घेताना कागद करा. अनुक्रमांक, चार्जर आहे की नाही, कुठे चरा आहे, स्क्रीन फुटलेली आहे का, सगळं लिहून फोटो काढून ठेवा. माहितीची दुसरी प्रत कुठे आहे का, हे विचारून उत्तरही लिहून घ्या. मुलांचे फोटो, हिशोबाच्या फाइली एवढंच त्या माणसाच्या दृष्टीने खरं कॉम्प्युटर असतं. न विचारता फॉरमॅट मारलेलं मशीन कितीही वेगाने चालू दे, त्या घरात पुन्हा बोलावणं येत नाही.

आणखी एक प्रश्न घरातून निघण्याआधीच विचारायला हवा. अलीकडच्या विंडोज ११ मध्ये मालकाला पत्ता नसताना डिस्क कुलूपबंद झालेली असू शकते. मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या मशीनवर हे आपोआप होतं. तुम्ही डिस्क काढून दुसरीकडे लावता आणि ती ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती की बहुधा मालकाच्या खात्यात जपलेली असते, पण खात्याचा पासवर्ड आठवायला त्याच्या शेजारी बसावं लागतं. झाली का दुसरी खेप?

बॅटरी फुगलेली असेल तर दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका आणि उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. हार्ड डिस्क असलेला लॅपटॉप नेताना तो नुसता मिटू नका, पूर्ण बंद करा. खडबडीत रस्त्यावर फिरती डिस्क लवकर दुखावते.

दुरून मदत: दुसऱ्या भेटीपासून पुढे

कागदावर ही वाट सगळ्यात स्वस्त. खेप शून्य. पण मशीन चालू असायला हवं आणि दोन्हीकडे इंटरनेट हवं, म्हणजे बंद पडलेली सगळी मशीनं आधीच बाद झाली. उरतात प्रिंटरची सेटिंग, ब्राउझरमध्ये उसळणाऱ्या जाहिराती, ईमेल, एखादी गोष्ट शिकवणं. विंडोजमध्ये क्विक असिस्ट त्यासाठीच दिलेलं आहे.

इंटरनेटपेक्षा मोठी अडचण विश्वासाची आहे. फसवणूक करणारेही नेमकं हेच करतात: फोन करतात, भीती घालतात, स्क्रीनचा ताबा मागतात. अनोळखी माणसाला ताबा देऊ नका, हे आपणच गिऱ्हाइकांना सांगायला हवं. मग त्यांच्यासाठी आपणही अनोळखी असताना तीच मागणी कशी करायची? म्हणून माझा नियम असा की ज्याच्या घरी एकदा जाऊन आलो त्यालाच दुरून मदत. कोड त्याने स्वतः टाकायचा, काम होईपर्यंत समोर बसायचं, आणि त्याच्या मशीनवर कायमचा शिरकाव ठेवायचा नाही. या पद्धतीने दुरून मदतीचा खरा उपयोग होतो, दुरुस्तीनंतरच्या बारीकसारीक तक्रारींच्या खेपा वाचतात.

कोणत्या तक्रारीला कोणती वाट

| तक्रार | कुठे करावी | कारण |
|---|---|---|
| मशीन फार हळू चालतं | घरी जाऊन | एसएसडी, रॅम, साफसफाई एकाच भेटीत होतात |
| कधी चालू होतं, कधी नाही | आधी घरी, मग टेबलावर | वीज आणि वायरिंग जागेवरच तपासावी लागते |
| डिस्कमधून टकटक आवाज | ताबडतोब बंद, टेबलावर | प्रत्येक मिनिटाला माहिती जाण्याचा धोका |
| प्रिंटर सापडत नाही | दुरून. न जमल्यास घरी | बहुतेकदा सेटिंगचा प्रश्न असतो |
| जॅक, बिजागरी, सांडलेलं पाणी | टेबलावर | डाग देणं, बोर्ड धुणं, वाळवणं |

टकटक करणारी डिस्क टेबलावर आली तरी तिचं झाकण उघडायचं नाही. त्याला धूळविरहित खोली लागते. तो माल मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायचा आणि तसं गिऱ्हाइकाला खरं सांगायचं.

सध्या एक काम सगळीकडे वाट पाहतं आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), किमान ४ जीबी रॅम आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलचा विचार केला तर ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचा. त्यामुळे धडधाकट पण जुनी मशीनं अडकली आहेत. कोणाला विंडोजऐवजी चालणारी फुकट लिनक्स मिंट पुरेल, कोणाला मशीन बदलावंच लागेल, हे ते काय काम करतात ते शेजारी बसून पाहिल्यावरच ठरतं. हे काम फिरत्या कारागिराचं आहे. कोणी चोरीचं विंडोज टाकून मागितलं तर नम्रपणे नाही म्हणा. ते चालू करणाऱ्या फाइलींतून व्हायरस येतात आणि ते काढायला पुन्हा तुम्हालाच जावं लागतं.

विखुरलेल्या वस्तीत सुरुवात करणाऱ्याला मी फिरती सेवा आणि घरचं टेबल हीच जोडी सांगेन, दुरून मदत मागून जोडावी. मात्र रोज बोलावतील तिकडे धावू नका. एका दिशेच्या गावांना आठवड्याचा एक वार ठरवून द्या, म्हणजे एकाच फेरीत तीन-चार घरं होतात आणि परतताना तयार मशीनं पोचवता येतात. तातडीचं असेल तर वेगळा आकार, आणि मशीन दुरुस्त झालं नाही तरी भेटीचा आकार द्यावा लागेल, हे फोनवरच सांगायचं. दारात उभं राहून सांगितलं तर दोघांनाही अवघडतं.

पैसे गुंतवण्याआधी महिनाभर ओळखीतल्या कामांची वही ठेवा. गाव, अंतर, बिघाड, किती खेपा झाल्या आणि दुसरी खेप झाली असेल तर कशामुळे. माझ्या वहीत सुरुवातीला तेच कारण पुन्हा पुन्हा येत होतं: लॅपटॉप मेला म्हणून बोलावलं आणि निघाला चार्जर खराब, जो माझ्याकडे नव्हता. मी पहिली मोठी खरेदी केली ती वेगवेगळ्या पिनांचा १९ व्होल्टचा चार्जर आणि ६५ वॉटचा टाइप-सी चार्जर. डाग द्यायचं यंत्र त्यानंतर घेतलं.